प्रस्तावना फाडणाऱ्या बाई

“कोणी लिहिलंय? तिथलाच आहे का?” कुठलंही पुस्तक हातात आलं की बाई आधी हे विचारायच्या. तुम्ही-आम्ही मुखपृष्ठ बघतो. बाई लेखकाचं गाव बघायच्या.

नव्वदच्या दशकात मी नाशकात एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचो. बाई पेठ तालुक्यातल्या आदिवासी, तिथल्याच शाळेत शिकवायच्या. आपल्या डोंगरातल्या बायकांच्या गोष्टी लिहून, एक प्रकाशक गाठून त्या छापायला घेऊन आल्या. मी टाइप करत असलो की शेजारी स्टुलावर ठाण मांडून बसायच्या. चहालासुद्धा हलायच्या नाहीत.

“बाई, विश्वास नाही का माझ्यावर?”

“तुमच्यावर आहे हो भाऊ. तुमच्या बोटांवर नाही.”

या संशयाचं मूळ होतं पार सामोआत! पॅसिफिक महासागरातली ही बेटं. तिथल्या एका लेखकाची इंग्रजी कादंबरी बाईंना रद्दीत सापडली होती. गोऱ्यांनी म्हणे वर्षानुवर्षं तिथल्या माणसांवर लिहिलं, आणि सगळी माणसं कशी भोळी, हसरी, नाचरी. मग तिथलाच एक मुलगा परदेशी शिकला, परत आला आणि त्याने घरातली भांडणं, लबाड्या, प्रेमं सगळं लिहून काढलं. तिथला पहिलाच कादंबरीकार.

“त्याच्या माणसांना राग येतो हो भाऊ! आमच्यावरच्या पुस्तकांत आम्ही कधी रागावलेले बघितलेत?”

मला आपला बाईंचाच संशय. म्हटलं, हा सामोआवाला म्हणजे बाईंची थाप असणार.

पुस्तक छापून झालं आणि घात झाला. प्रकाशकांनी बाईंना न विचारता एका नामांकित प्राध्यापकांची प्रस्तावना परस्पर दुसरीकडे छापून आत घातली होती. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या प्रस्तावनेशिवाय पुस्तक म्हणजे मुंडावळ्यांशिवाय नवरदेव ना! पहिल्याच ओळीत ‘डोंगरातली ही भोळीभाबडी लेकरं’.

“तुम्हाला ठाऊक होतं,” बाई मला म्हणाल्या.

“आईशप्पत, नव्हतं.”

त्यांना ते पटलं नाही. त्या फरशीवर बसल्या, गठ्ठा सोडला आणि एकेका प्रतीतून ती पानं टराटरा फाडू लागल्या. प्रकाशक हात जोडत होते, “अहो, पुस्तक खिळखिळं होईल!”

“होऊ द्या. माझं तरी राहील.”

फाटकी पुस्तकं दुकानदार कशाला घेतील? बाई ती घेऊन पेठच्या बाजारात बसू लागल्या. मला खरं वाटेना, म्हणून एकदा बघायला गेलो. सुकट आणि नागलीच्या मधोमध बाई मोठ्याने वाचत होत्या, भोवती बायका. एक म्हातारी मध्येच म्हणाली, “तसं नाय बाई. ती सासू मेली नाय, पळून गेली.”

बाईंनी मुकाट्याने पेन काढलं आणि छापलेलं खोडलं. प्राध्यापकांना न जुमानणारी ही बाई!

पुढे काही वर्षांनी बाई आजाराने गेल्या. गावातल्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. “बाईंचं आयुष्य म्हणजे...” एवढंच म्हणालो, तर समोरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, हा कोण टिकोजीराव? मी गुपचूप खाली बसलो.

मग त्यांच्यातलीच एक उठली, तिने पदर खोचला.

“लय भांडकुदळ बाई व्हती आमची,” ती म्हणाली, आणि सगळ्या हसायला लागल्या. हसता हसता एकेकीने डोळ्याला पदर लावला.