पाण्याची वेळ सहा ते साडेसहा

अमेरिकेत केंद्र सरकारची अफाट मोकळी जमीन आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच भागात कोणीही जाऊन चौदा दिवस फुकट राहू शकतं. नळ नाही, वीज नाही, संडास नाही, विचारायला माणूसही नाही. हे मी वडिलांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग यात सरकारने दिलं काय?"

"जागा," मी म्हणालो.

"जागा आपल्याकडेपण आहे. पाणीच नाही."

हा त्यांचा विषय होता. ते मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठा विभागात इंजिनिअर होते. तेहतीस वर्षं त्यांनी गावाला चार दिवसांआड पाणी दिलं आणि गावाने त्यांना रोजच्या रोज शिव्या दिल्या. नगरसेवकाच्या घरी लग्न असलं तरी त्यांनी कधी वेळेआधी व्हॉल्व सोडू दिला नाही. आई गेल्यावर ते तिथेच एकटे राहत होते आणि मजेत होते. मग गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. वडील मंडईतून रिक्षा करून अठरा वर्षांपूर्वी सोडलेल्या क्वार्टरवर गेले होते आणि तिथल्या बाईंना कुलूप का बदललं म्हणून जाब विचारत होते. मी जाऊन त्यांना इथे अमेरिकेत, बॉथेलला माझ्या घरी घेऊन आलो.

इथल्या डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. ते त्यांनी माझ्यापेक्षा पटापट केलं. मग कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्यात त्यांनी बाराही आकडे उजव्या बाजूला बसवले आणि डावीकडे जागा शिल्लक आहे हे डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात असेल, नसेलही. त्यांना चांगलं येणारं एखादं काम जबाबदारीने सोपवा आणि काही दिवस बघा.

वडिलांचं म्हणणं एकच होतं, ऑगस्टला मी घरी जातो. त्यांना एकटं पाठवायचं की कायमचं इथे ठेवून घ्यायचं, हे या ट्रिपमध्ये ठरवू, असं मी आणि बायकोने ठरवलं. त्यांना अर्थातच सांगितलं नाही. ज्या माणसाने मला दहावीची भूमिती ओरडून ओरडून शिकवली, त्याची परीक्षा आता मी चोरून घेणार होतो. मला त्याची लाज वाटत होती, तरी मी ते केलं.

जूनमध्ये मुलीची शाळा संपली आणि आम्ही भाड्याची आरव्ही घेऊन निघालो. आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन बीएचके. नऊ तास ड्राइव्ह करून ऑरेगनच्या पूर्वेकडच्या माळावर पोचलो. मैलोनमैल नुसती गुडघाभर झुडपं. एवढ्या मोकळ्या जमिनीवर दुसरी एकच आरव्ही उभी होती आणि मी माझी नेऊन तिच्या शेजारी लावली. सोबत म्हणून. त्या आरव्हीतून एक वयस्कर गृहस्थ उतरले आणि गाडी बंद पडली का, असं त्यांनी काळजीने विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांची काळजी गेली, पण ते काही गेले नाहीत. तिथेच उभे राहून आमच्याकडे बघत होते. मग आम्हीच दीड मैल पुढे गेलो.

गाडीतली पाण्याची टाकी दीडशे लिटरची होती. पिण्याच्या पाण्याचे कॅन वेगळे. बाकी सगळं, म्हणजे आंघोळ, भांडी, फ्लश, त्या दीडशेत पाच दिवस. भरायचं ठिकाण चाळीस मैल लांब होतं. वडिलांनी गाडीखाली वाकून टाकी बघितली, पाइप बघितले, सिंकजवळचा पंपाचा स्विच दोनदा चालू-बंद केला. टाकीत किती पाणी आहे ते दाखवणारे चार दिवे होते, त्यांच्यापुढे ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हे माझ्याकडे द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर कागद चिकटवलेला होता. पाण्याची वेळ सकाळी सहा ते साडेसहा, संध्याकाळी सहा ते सव्वासहा. तक्रारी लेखी द्याव्यात.

आम्हाला वाटलं, गंमत आहे. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला तर ही सुट्टी आहे असंच वाटत होतं. ती सहा वाजून वीस मिनिटांनी डोक्याला शाम्पू लावून उभी राहिली आणि साडेसहाला पंप बंद झाला.

"आजोबा! आय हॅव सोप इन माय आइज!"

"संध्याकाळी सहाला," वडील बाहेरून म्हणाले.

बायकोने पिण्याच्या पाण्यातलं एक पातेलं आत सरकवलं. त्याला वडिलांनी हरकत घेतली नाही, पण बघून ठेवलं. नाश्ता झाल्यावर मुलीने खरंच इंग्रजीत लेखी तक्रार दिली, एक पान भरून. वडिलांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, खाली "नोंद घेतली" असं लिहिलं, सही केली आणि घडी घालून खिशात ठेवली. तक्रारीचं पुढे काय होतं, असं तिने मला विचारलं. आमच्या गावात यापुढे काही होत नसे, हे मी तिला सांगितलं.

पण तिसऱ्या दिवसापर्यंत ती त्यांची व्हॉल्वमन झाली होती. ते घड्याळ बघून मान हलवायचे आणि ती स्विच दाबायची. भांडी आधी पुसून मग धुवायची, भाजी धुतलेलं पाणी फ्लशला वापरायचं, हे सगळं तिने आम्हालाच शिकवायला घेतलं. अर्धे दिवस संपले तरी टाकीचे तीन दिवे जळत होते. वडील ताठ चालत होते, मोठ्याने बोलत होते. बॉथेलच्या घरी चार महिने ते सोफ्याच्या एका टोकाला पाहुण्यासारखे बसून असायचे. आता बायकोला एक जास्तीचा कप धुताना बघून त्यांनी तिला असं झापलं की मला बरं वाटलं.

"बाबांना काही झालेलं नाही," मी बायकोला म्हणालो. "आपणच मूर्ख आहोत. ऑगस्टचं तिकीट काढू."

"अजून दोन दिवस आहेत," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं समोरच्या टेकडीवर गेलो. वडील म्हणाले, मी थांबतो, माझं काम आहे. दीड तासाने परत आलो तर ते खुर्ची टाकून बसले होते. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, हात चिखलाने माखलेले. गाडीखालून निघालेला ओघळ झुडपांपर्यंत गेला होता आणि जमिनीत मुरत होता.

"टाकी धुवायला काढली," ते खुशीत म्हणाले. "खालचा व्हॉल्व जाम होता, पण सोडला. संध्याकाळी भरून घेऊ."

"कशातून?" माझी मुलगी म्हणाली. तिने एवढंच विचारलं, तेही हळू.

वडिलांनी वळून बघितलं. मला वाटतं, ते आमच्या गावातला उंच जलकुंभ शोधत होते. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा माळ बघून घेतला. मग ओल्या जमिनीकडे बघितलं. मग उठून गाडीत गेले, पॅनेलचं बटण दाबलं आणि एकही दिवा लागला नाही, तो पूर्ण वेळ मी दारात उभा होतो. मला फार भीती वाटली. त्यांना नक्की काय झालंय ते मला तेव्हा कळलं, आणि ते त्यांनाही कळतंय हे मला दिसत होतं.

बाहेर येऊन ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पँट नीट खाली केली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "ऑगस्टचं राहू दे."

हेच त्यांना कसं सांगायचं, याची चार महिने मी मनात तयारी करत होतो. आता मात्र मी भांडायला लागलो. टाकी कधीतरी धुवावीच लागते, मी म्हणालो. चाळीस मैलांवर पाणी आहे, आत्ता भरून आणतो, कोणाचं काही बिघडलेलं नाही. घरी शेजारी काकू आहेत, दिवसभराची बाई ठेवू, मी रोज दोनदा फोन करीन. हे सगळं मी अगदी मनापासून म्हणत होतो. बायको मला थांबवत नव्हती.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही, हे त्यांच्या बाबतीत नवीन होतं.

"तू चार दिवस माझ्याकडे बघतोयस, ते मला कळतं," ते म्हणाले. "बघितलंस ते बरं केलंस. हे पाणी होतं म्हणून ठीक. घरी गॅस आहे."