काळी नाणी घासणार नाही

दुबईतल्या एका खाजगी संग्रहात जुनी नाणी सांभाळायचं काम मी करत होते. मालक अल ऐनला राहणारे वयस्क अरबी गृहस्थ. प्रदर्शन जवळ आलं तेव्हा आमचा मॅनेजर, मुंबईचाच, तांब्याच्या नाण्यांचा ट्रे माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मॅडम, सोन्याच्या दिनारांशेजारी ही काळी नाणी कचरा वाटतायत. ॲसिडमध्ये टाका, चमकवा, खलास."

"नाही टाकणार."

ती नाणी आठव्या शतकातली, उमय्या खलिफांची सत्ता कोसळत होती तेव्हाची. शहर बंडखोरांच्या हाती पडलं की ते बाजारातल्या तांब्यावर आपला मजकूर ठोकत, कधी जुन्याच नाण्यावर नवा छाप मारत. आमच्या एका नाण्यावर तर दोन्ही राजवटींची अक्षरं दिसत होती, आणि ती टिकली होती त्या काळ्या थरातच.

"हे वाचणार कोण?" मॅनेजर म्हणाला. "व्हिसा कंपनीचा आहे, लक्षात ठेवा."

अल मनखूलच्या घरी नवराही म्हणाला, "फार ताणू नकोस. पोरीचं बारावीचं वर्ष आहे."

मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बट आई इज राइट, बाबा."

दुसऱ्या दिवशी कळलं, मॅनेजरने दोन नाणी परस्पर पॉलिशला दिली होती. ती गुलाबी, गुळगुळीत होऊन परत आली. भिंगाखाली एक अक्षर सापडेना. उरलेली नाणी कपाटात घालून मी कुलूप लावलं आणि थेट मालकांना फोन केला.

ते स्वतः आले. दोन छापांचं ते नाणं त्यांनी भिंगाखाली धरलं, ओठ हलवत वाचलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "ये तो कुरान की आयत है."

"जी. बंडवाल्यांनी छापलेली. खाली दिसतंय ते आधीच्या सत्तेचं," मी हिंदीतच सांगितलं.

मग त्यांनी ती गुलाबी नाणी पाहिली. "किसने किया?"

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मैंने नहीं."

तांब्याची नाणी होती तशी, काळीच मांडली गेली. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र पुढे वाढलं नाही; ते मॅनेजरच्याच सहीने वाढायचं. एचआरच्या मेलमध्ये 'रीस्ट्रक्चरिंग' असं कारण होतं. उद्घाटनाचं आमंत्रणही आलं नाही. मी तरीही गेले, चांगली इरकल नेसून, आणि तांब्याच्या शोकेसपाशी उभी राहिले. कोणी थांबलं की वरची अक्षरं दाखवायची, मग खालची.

मॅनेजर जवळ येऊन पुटपुटला, "मॅडम, आता तरी जा."

"लोक विचारतायत," मी म्हटलं. "सांगून झालं की जाईन."

हॉलचे दिवे मालवेपर्यंत मी तिथून हलले नाही.