गोगाबाबाची उभी वाट

मला लोकांची वाक्यं तोडायची खोड आहे. शाळेत शिकवून लागली म्हणा, नाहीतर उपजतच म्हणा. समोरच्याला काय म्हणायचंय ते मला आधीच कळतं, असा माझा समज. हा समज अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लई महागात पडला.

निवृत्तीनंतर अण्णा रोज सकाळी छावणीतून गोगाबाबाच्या डोंगरावर फिरायला जायचे. तिथं येणाऱ्या मंडळींची एक रीत आहे. ज्यानं त्यानं एक झाड लावायचं आणि रोज घरून बाटली नेऊन त्याला पाणी घालायचं. अण्णांचा लिंब होता. मी तो कधी पाहिला नव्हता. माझी सकाळ डबे भरण्यात जायची.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत चालायला लागले, शब्द अडकायला लागला. तीनेक महिन्यांनी एका रविवारी बघते तर बाटली भरून दारात उभे. "झाडापर्यंत... जाऊ."

डोंगराच्या पायथ्याशी दोन वाटा फुटतात. एक उभी, दगडगोट्यांची. दुसरी मागून वळसा घालून जाणारी, रुंद आणि सोपी. अण्णांनी काठी उभ्या वाटेकडं केली. "इकडून. झाड..."

"काही नको इकडून," मी म्हणाले. "पडला-बिडलात म्हणजे निस्तरायचं कोणी? मागच्या वाटेनं सावकाश जाऊ माथ्यावर."

ते आणखी काही सांगू बघत होते. मी दंड धरून चालायला लागले. खरं सांगायचं तर मला लाजही वाटत होती. उभ्या वाटेवर त्यांचे सोबती भेटणार, आणि अण्णांची लाळ पुसत सगळ्यांना 'बरं आहे आता' सांगत बसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मागच्या वाटेला सावली नाही, टेकायला धड दगड नाही. अर्ध्यावर अण्णा घामानं भिजले, ओठ पांढरे पडले. मी घाबरून बाटली उघडली. ते मान हलवत राहिले. झाडाचं पाणी होतं ना ते. मी रागावून पाजलंच. बाटली संपल्यावर ते तिच्याकडं बघत बसले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मला कुठं... माथ्यावर जायचं व्हतं? झाड खालीच हाय. उभ्या वाटंला. पहिल्या धोंड्यापाशी."

"मग आता जाऊ या का तिकडं?" मी विचारलं. त्यांनी रिकामी बाटली माझ्या हातात दिली.

खाली रिक्षापर्यंत त्यांना जवळजवळ उचलूनच आणावं लागलं. पुढच्याच आठवड्यात दुसरा झटका आला. आता ते पडून असतात. यापुढं काही सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय.

नंतर मी एकटी बाटली घेऊन गेले. पायथ्यापासून बावीस पावलं. लिंब हिरवागार होता, आळंही ओलं होतं. सोबती न चुकता पाणी घालत होते. माझ्या बाटलीची तिथं काही गरज नव्हती, तरी ओतली.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांचे ओठ हलले. "झा..." एवढंच आलं. मी गप्प उशाशी बसून राहिले. रोज बसते. पुढचं काही येत नाही.