ते कुलूप नव्हतं!

गेल्या सोमवारी सकाळी अकराला देवासच्या आमच्या ऑफिसात लॉकफाइल सांभाळणाऱ्या भियावर (इकडे भावाला भिया म्हणतात) अन्याय झाला! सतवास मंडीचे भाव दाखवणारी वेबसाइट बंद पडली आणि साहेबांनी खापर त्याच्यावर फोडलं. जो माणूस चहासुद्धा "कालच्यासारखाच दे, व्हर्जन बदलू नको" म्हणून मागतो, त्याच्यावर! नावातलं 'लॉक' पाहून ती फाइल साहेबांनीच उडवली होती: "आपल्याच प्रोजेक्टला ताला कशाला?" मग साइट ज्यांवर चालते ती तयार सॉफ्टवेअर पॅकेजेस नवीकोरी उतरली आणि एकमेकांशी भांडली.

"साहेब, ते कुलूप नाही, कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती घ्यायची त्याची यादी आहे," म्हणत त्याने जुनी फाइल परत आणली. पाच मिनिटांत साइट सुरू! आम्ही टेबलं बडवली. साहेबांनी माफी मात्र मागितली नाही.

तुम्हीही कुणाची यादी पुसली असेल, तर आजच माफी मागा, आणि चहा कालच्यासारखाच पाजा!