जागा धरून बसलेली करंगळी

"मी उठणार तो अख्खा उठणार!" असं म्हणत आमचे फोरमनकाका डावा हात वर करायचे, आणि त्या हाताला बोटं असायची चार.

पाचवं बोट, म्हणजे करंगळी, नव्वदच्या दशकात नाशिकला अंबडच्या आमच्या कारखान्यात प्रेसखाली गेलं. डॉक्टर म्हणाले, जोडता येणार नाही. तर काकांनी ती चक्क मागून घेतली! ठेवायला घेतला माझा जेवणाचा डबा. "परत आणून देईन रे," म्हणाले. कप्पाळ! डब्यावर माझ्या आईचं नाव कोरलेलं, आणि तो गेला थेट दफनभूमीत, काकूंच्या कबरीशेजारच्या मोकळ्या जागेत. तुम्हीच सांगा, घरी काय सांगायचं?

पाद्रीसाहेबांनी करंगळीसाठी प्रार्थना म्हणायला साफ नकार दिला. मग काकांनीच म्हटली, आणि 'आमेन' म्हणायला मी.

"एसटीत रुमाल टाकतात ना, तशी हिच्याशेजारी जागा धरलीय," काका खुशीत म्हणाले. वर छोटा क्रूस रोवला. दर रविवारी तिथे झेंडू वाहायचे.

मी तेव्हा नोकरी सांभाळून तत्त्वज्ञानात एम.ए. करत होतो, त्यामुळे अंगात भारी मस्ती. कॅन्टीनमध्ये त्यांना डिवचायचो. "काका, ग्रीक म्हणायचे, शरीर हा आत्म्याचा तुरुंग. मेलं की सुटका. सुटलेला कैदी बेड्या न्यायला परत येतो का?"

"गप रे ग्रीका! आमचे सुरुवातीचे ख्रिस्ती म्हणायचे, मेलेला माणूस नुसता झोपलाय. देव हाक मारेल तेव्हा हाडामांसासकट उठेल." मग त्यांचा आवाज खाली यायचा. "तुझ्या त्या आत्म्याला हात नाहीत. मी हिचा हात कशाने धरू?"

मी चिडून आणखी एक चहा मागवायचो.

काही वर्षांनी काका गेले. दफनभूमीत पोचलो तर खड्डा पार दुसऱ्या रांगेत! काकूंशेजारी क्रूस आणि झेंडू बघून तिथे आधीच कुणीतरी आहे, असं सगळ्यांना वाटलेलं. माझं डोकंच फिरलं.

"थांबा!" मी ओरडलो. "तिथे कुणी नाही. काकांची करंगळी आहे!"

नवे पाद्रीसाहेब बघतच राहिले. "आपण ख्रिस्ती?"

"नाही हो. ग्रीक."

शेवटी त्यांनी खणायला सांगितलं. हातभर खाली फावडं डब्यावर वाजलं. माती पुसली, आईचं नाव दिसलं, आणि मला रडूच फुटलं.

"डबा तुमच्या घरचा?" पाद्रीसाहेबांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हणालो. "त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा. उठले की आणून देतील."