भार दिल्याशिवाय फुगडी नाही

फुगडीला लोक नाच म्हणत नाहीत, खेळ म्हणतात. म्हणोत बापडे. शिवाजी पेठेत माझी थोरली जाऊ आणि मी फुगडीला उभ्या राहिलो, की आमच्या वाऱ्यानं दोरीवरची लुगडी उडून रंकाळ्यात पडायची. खोटं वाटत असेल तर तिथल्या म्हशींना विचारा. एकदा तालमीतला एक पैलवान आमच्याकडं बघून हसला. जाऊ म्हणाली, "हसताय काय पावणं, धरा हात!" तिसऱ्या फेऱ्याला गडी गटारीत.

मी कागलची. नव्वद सालानंतर लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला झिम्मा यायचा, पिंगा यायचा. झिम्म्यात टाळी चुकली तरी हसून भागतं. पिंग्यात कमरेत वाकून घुमलं की झालं. फुगडी मला अक्कानं शिकवली. जावेला मी अक्काच म्हणायची. नागपंचमीच्या दुपारी तिनं मला अंगणात उभं केलं.

"पायाला पाय लाव. हाताची फुली कर. आता मागं पड."

"पडलो म्हंजे?"

"मी धरलोय की! भार दे, धाकले. भार दिल्याबिगर फुगडी न्हाय."

सगळं शास्त्र एवढंच. ताल तोंडानं धरायचा, फू फू करत. पाय उचलायचे नाहीत, चवड्यावर सरकवायचे. आणि दोघींच्या मधोमध जी जागा असते तिच्याभोवती फिरायचं. ती जागा ना तिची, ना माझी. बसफुगडी, एका हाताची फुगडी, सगळ्या या फुगडीच्याच लेकी.

मग काही वर्षांनी अक्काच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचं सगळं काढलं, काखेतलंसुद्धा. हात सुजून लोडासारखा झाला. त्या हातानं भरली कळशीही उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरात सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. आमच्या घरात! जिथं 'मीठ वाढ' म्हटलेलं कागलला ऐकू जायचं, तिथं.

त्या वर्षीच्या पंचमीला अंगणात बायका जमल्या. अक्काला खुर्ची दिली, खांद्यावर शाल घातली. तिनं शाल काढली, खुर्चीवर टाकली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"चल."

"अक्का, डॉक्टर..."

"डाक्तरला कुठं फुगडीला बोलावलोय? एका हाताची घालू. बसून बघायला मी काय मयताला आलोय?"

डावा हात तिनं कमरेवर ठेवला, उजवा माझ्या हातात दिला. नुसती हाडं. फिरायला लागलो. मी अंग राखून, सगळा भार माझ्याच टाचांवर. अर्ध्या फेऱ्यात तिला कळलं.

"भार दे."

"दिलाय की."

"बारक्या पोरीसंगं खेळल्यागत खेळू नगस! दे म्हणतो न्हवं?"

बायकांचं फू फू थांबलं.

मी दिला. आणि मी होते तिथंच राहिले, तीच माझ्याभोवती फिरायला लागली. पूर्वी ती माझ्या दीडपट. आता ती मधली जागा सरकत सरकत माझ्या पायाखाली आली होती. दवाखान्यातून आल्यापासून मी तिला रोज थाप मारत होते, अंगानं भरलीस गं, गालावर लाली आली गं. माझ्या थापेला अख्खी पेठ फसायची. इथं दोघींच्या हातांना खरं कळत होतं.

"मधी तू आलीस की गं," ती म्हणाली.

"थांबूया?"

"न्हाय. फिरव."

मी फिरवलं. ती स्वतःच फू फू करत होती, मग दम संपला आणि नुसते ओठ हलत राहिले. शेवटी एका म्हातारीनं ताल सुरू केला, मागोमाग सगळ्यांनी. अक्कानं मान मागं टाकली, डोळे मिटले आणि होती नव्हती तेवढी माझ्या हातावर पडली. मला ती पेलली, अगदी सहज पेलली. तेवढंच सोसेना.

दिवाळीच्या आत ती गेली.

पुढच्या पंचमीला तिची लेक माझ्यापुढं हात करून उभी राहिली. मी पायाला पाय लावले, हाताची फुली केली. बायकांनी ताल धरला. पोर मागं कलली, वाट बघत राहिली. मला काही मागं पडता येईना.