रुक्मीचा डावा डोळा

माझ्याविषयी छापून आलेलं पुष्कळ आहे. कोरेगावची पोर, फौजी बापाची लेक, व्यावसायिक बॉक्सिंगमधला देशाचा किताब जिंकून चार वेळा राखलेली – हे सगळं खरंच आहे. पण एक गोष्ट त्यात कुठंच सापडायची नाही, कारण ती मी कुणाच्या हाती लागू दिली नाही. नवऱ्याच्या नाही, आईच्याही नाही. आता सांगायला बसलेय तर जीभ दुसरीकडंच पळतेय. पळू दे थोडी. येते मी तिथंवर.

आधी रुक्मीचं सांगते.

रुक्मी आटपाडीची. घरी मेंढरं, आणि पाऊस विसरलेल्या माळावर थोडी जमीन. मी उसातली, भरल्या घरातली. आम्ही दोघी साताऱ्यात एका खोलीत राहायचो, एका तव्यावर भाकऱ्या भाजायचो आणि एकाच हॉलमध्ये शिकायचो. आमचे सर सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साखरेच्या एका जुन्या गोदामात त्यांनी स्वतःच्या हातानं दोर ताणून रिंग उभी केली होती. मुलींना शिकवतात म्हणून लोक हसायचे. सर म्हणायचे, हसू द्या, हसणाऱ्याचा गार्ड खाली असतो.

रुक्मी माझ्यापेक्षा चांगली होती. हे वाक्य मी आजवर एकाही मुलाखतीत म्हटलेलं नाही, म्हणून इथं स्पष्ट म्हणते – खूप चांगली होती. तिचे पाय जमिनीला टेकतात की नाही असं वाटायचं. आमचं वजन एक, गट एक. चार वर्षं रोज समोरासमोर उभ्या राहिलो आणि चार वर्षांत मी तिला एकदाही हरवलं नाही. बाहेर कुणाशीही जिंकून यायचे, आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये ही मला शांतपणे, हसत हसत मारायची. नंतर माझ्या ओठाला बर्फ लावायचीही हीच. कसं असतं ना – जी आपल्याला बर्फ लावते तिचाच राग येतो. मला यायचा. कुणाला दिसायचा नाही, एवढंच.

मग पुण्याहून एक आयोजक आला. किताबाच्या लढतीसाठी आमच्या हॉलमधून एक मुलगी घेणार होता. एकच. सरांनी ठरवलं, पंधरा दिवसांनी आम्ही दोघींनी चार फेऱ्या खेळायच्या. जिंकेल ती जाईल.

त्या पंधरा दिवसांतली एक सकाळ. अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळून आलो आणि रुक्मी एका दगडावर बसली. ती कधी बसत नसे. म्हणाली, "शैले, डाव्या डोळ्याम्होरं माशा उडल्यागत काळं काळं दिसतंय गं. मधीच ईज चमकल्यागत हुतंय. आन् कडंला सावली आल्यागत वाटतंय. डाव्या अंगानं कोण आलं तर कळतच न्हाई."

मी म्हटलं, सरांना सांगू या.

"नगं नगं. सर खेळू द्यायचं न्हाईत. येवडी लढत हुदे, मग दाखवती डॉक्टरला. तू बोलू नगंस कुणाला. शपथ हाय तुला."

मी शपथ घेतली. तुम्ही म्हणाल, मैत्रिणीची शपथ, पाळली, यात काय चुकलं? मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगत आले. आणि हेच खोटं आहे. कारण मी त्या शपथेसाठी गप्प राहिले नाही.

नीट ऐका. मी सरांना सांगितलं असतं, तर लढत तिथंच रद्द झाली असती. ती दवाखान्यात गेली असती आणि किताबाची जागा आयती मला मिळाली असती. म्हणजे सांगण्यात माझा फायदाच होता. मग का नाही सांगितलं? – जागा मला आयती नको होती. मला रुक्मीला हरवायचं होतं. सगळ्यांसमोर, एकदा तरी. आणि आता ते कसं जमेल हे तिनंच मला सांगून ठेवलं होतं.

लढतीच्या दिवशी हॉल भरलेला. पुण्याचा तो माणूस खुर्ची टाकून बसलेला. पहिली फेरी नेहमीसारखीच तिची. मी हवेत हात मारत होते आणि ती नव्हतीच तिथं. दुसऱ्या फेरीत माझा उजवा हात बाहेरून, वळसा घेऊन गेला आणि तिच्या डाव्या कानशिलावर बसला. तो तिला दिसलाच नाही. तिनं मानही हलवली नाही.

तो पहिला ठोसा ओघात गेला असं म्हणता येईल. पुढचे नाही. पुढचे सगळे मी ठरवून मारले. तिच्या डाव्या अंगाला सरकायचं, सावलीत शिरायचं आणि उजवा हात डोळ्यावर सोडायचा. डोक्याला संरक्षक टोपी होती, पण टोपीतून डोळा उघडाच असतो. तिसऱ्या फेरीत ती मान वाकडी करून मला शोधायला लागली – पाखरं बघतात ना एका डोळ्यानं, तशी. ते बघूनही मी थांबले नाही. खरं सांगू? त्या क्षणी मला आनंद होत होता. भीतीही नव्हती, दयाही नव्हती. आनंद.

चौथ्या फेरीत ती गुडघ्यावर आली आणि सरांनी हात वर करून लढत थांबवली. लोकांनी मला उचललं.

दुसऱ्या दिवशी रुक्मीला त्या डोळ्यानं काहीच दिसेना. मिरजेला नेलं. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. दोनदा शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस आधी आणली असती, पडदा नुसता फाटलेला होता तेव्हा, तर बहुतेक वाचवला असता. हे ते दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलले. तिथं रुक्मीचे वडील होते, सर होते आणि मी.

तिचे वडील सरांच्या अंगावर गेले. "आवं, लेक तुमच्या हवाली केल्ती. तुमाला दिसलं न्हाई व्हय?" सर माझ्याकडं वळले. पलटणीत वाढलेला माणूस, पण आवाज पार बसला होता. "पोरी, तुला तरी काही बोलली होती का?"

मी म्हणाले, "नाही सर."

दोन शब्द. तिथं 'हो' म्हणाले असते तरी डोळा परत येणार नव्हता, हे खरंय. पण सरांचं ओझं तरी उतरलं असतं ना? रुक्मीनंही नंतर सगळ्यांना हेच सांगितलं की तिनं कुणाकडं वाच्यता केली नव्हती. म्हणजे तिनं मला वाचवलं. तिला वाटलं, शपथेपायी मी अडकले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी किताब जिंकला. कोरेगावात गुलाल उधळला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. माझा बाहेरून येणारा उजवा हात गाजला. तो कुणी शिकवला असं विचारलं की मी सांगायचे, सरांनी. सरांनी नव्हता शिकवला. मी तो कुठं शिकले ते तुम्हाला आता कळलं.

रुक्मीला पोलीस भरतीत जायचं होतं. डोळ्यामुळं वैद्यकीय तपासणीत नापास झाली. ठरत आलेलं लग्नही मोडलं. आता आटपाडीत डाळिंबाच्या शेडवर फळं निवडायचं काम करते. मी एकदा गेले होते. फळ उजव्या डोळ्यापाशी नेऊन, फिरवून बघते आणि पेटीत ठेवते. मला बघून केवढी हसली.

सरांनी त्याच वर्षी हॉल बंद केला. आजारी पोरीला रिंगमध्ये उतरवलं, असं साताऱ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं होतं. माझी एकही लढत बघायला ते आले नाहीत. मी भेटायला जायचे तेव्हा चहा प्यायचे, तब्येत विचारायचे, आणि मध्येच म्हणायचे, "माझ्या कसं ध्यानात आलं नाही गं?" दर वेळी हेच. मी दर वेळी कपाकडं बघत बसायचे. अकरा वर्षं.

गेल्या वर्षी सर गेले. दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर गर्दी होती. चॅम्पियन म्हणून मला चार शब्द बोलायला लावले. मी शिस्तीवर बोलले. शिस्तीवर! लोकांनी डोळे पुसले.

रुक्मी एसटीनं आली होती. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी घाटाच्या पायरीवर बसलो. ती नदीकडं बघत होती. मग म्हणाली, "सरास्नी लय लागलं गं मनाला. मी किती येळा सांगितलं, चूक माजीच हाय. ऐकलंच न्हाई त्येंनी."

मी पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिले.

"येक इचारू? कवापास्नं इचारीन म्हन्ती." तिनं मान पूर्ण वळवली, चांगला डोळा माझ्यावर लावला. "त्या दिशी रिंगणात... माज्या डोळ्याचं तू इसरली हुतीस न्हवं? खेळाच्या नादात?"

उत्तर तिनंच माझ्या हातात ठेवलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. मी हलवली. वर म्हणालेही – "व्हय गं, इसरले हुते."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग साडीची धूळ झटकत उठली, बसची वेळ झाली होती.

मी विसरले नव्हते.